थोरलीचा रिपोर्ट

सरकारनं शिकाऊ लोकांसाठी पैसा ओतला म्हणून धाकटी जाऊ संगणकावरचे चोर ओळखायला शिकू लागली. शिकायची जागा पाणीपुरवठ्याचं ऑफिस. तिथंच थोरली बिलाच्या खिडकीवर बसायची. "जन्मभर भांडीच घासणार का ती? शिकू दे," असं सासूला तोंडावर सुनावणारी हीच थोरली.

शिकवणाऱ्या बाईंनी एकदा धाकटीला काम दिलं: सगळ्या ऑफिसला खोटा मेल पाठवायचा आणि कोण फसतं ते बघायचं. बक्षिसाच्या लालचीला आता कुणी भुलत नव्हतं. मग धाकटीनं लिहिलं, "तुमचा तपासणीचा रिपोर्ट आला आहे. इथे दाबा." निम्मं ऑफिस जाळ्यात आलं. बाईंनी पाठ थोपटली. धाकटीचे पाय जमिनीवर ठरेनात.

दुपारी थोरली मोबाईल घेऊन धावत आली. छातीतल्या गाठीचं आणि तिच्या तपासणीचं तिनं घरात एकट्या धाकटीलाच सांगितलं होतं.

"अगं, आला एकदाचा! दाबून बोट झिजलं, उघडत नाही मेला. तू शिकलेली ना, बघ बरं."

धाकटीनं मोबाईल हातात घेतला, तर तो तिचाच मेल. गाठीचा विसर पडला होता, असंही नव्हतं. थोरलीला रोज वाट बघताना पाहूनच तर तिला हा मेल सुचला होता.

"ताई, तो खोटा आहे. मीच पाठवलाय. कोण फसतं बघायला."

"म्हणजे खरा अजून यायचाय?"

"हो."

थोरली खुर्ची ओढून बसली. "आता शिव्या तरी कुणाला देऊ? तुला शिकायला धाडणारी मीच."

त्यापेक्षा हिनं एक मुस्काटात मारली असती तर बरं, असं धाकटीला वाटलं.