पोपटाचे पंख कुणी कापले
ऑक्टोबरची छाटणी सुरू झाली की द्राक्षबागेत ओल्या काडीचा वास सुटतो आणि मला तो पोपट आठवतो. बायकोनं तो अवसरीहून, माहेराहून आणला होता. माणूस दिसलं की पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग चोरून थरथरायचा. ती रोज दुपारी बोटांत हिरवी मिरची धरून, न बोलता त्याच्यापाशी बसायची. महिन्याभरानं त्यानं मिरची घेतली, मग दार उघडलं की तिच्या मनगटावर येऊन बसू लागला. मला मात्र त्याचा भरवसा वाटेना. "लबाड आहे तो, उडायची संधी बघतोय," मी म्हणायचो. ती हसायची, "तुमाला तर वेलींचाबी संशय येतो." एकदा ती बाजाराला गेली तेव्हा मी त्याला टॉवेलात धरलं आणि छाटणीच्या कात्रीनं त्याचे पंख कापले. काडीसारखी यांनाही नवी फूट येईल, असं वाटलं. संध्याकाळी तिचा हात आत जाताच तो किंचाळला, कडकडून चावला. "पंख कुणी कापलं?" तिनं विचारलं. "मी तर बागेत होतो," मी म्हणालो. मग घरात उरल्या थोरल्या वहिनी, आणि त्यांना पोपटाचा कलकलाट आवडत नसे. बायकोनं त्यांच्यावरच संशय धरला, त्यांच्याशी बोलणं तोडलं, ते शेवटपर्यंत. ती जाऊन आता दोन वर्षं झाली. काल वहिनींच्या ओट्यावर बसून मी सगळं सांगितलं. शेंगा सोलणारे त्यांचे हात थांबले. "ती व्हती तवा बोलायचं व्हतं, भावजी," एवढंच म्हणाल्या.