बोटीचा बकरा

नवा लातूर जिल्हा झाला आणि आमच्या तलावाला सरकारी लोखंडी बोट मिळाली. पाणी त्याच साली आटलं. बोटीचा मिस्त्री तरी रोज चिखलात उतरून तिच्या तळाला लावलेला मॅग्नेशियमचा ठोकळा घासायचा.

"ह्यो आपला बकरा. गंज ह्याला खातो, बोट वाचती."

कुणी ठोकळ्याला रंग फासला की ओरडायचा, "झूल घातल्यावर त्याला कोण खाईल?"

उन्हाळ्यात टँकरचं पाणी गंजानं तांबडं यायला लागलं. मिस्त्रीनं टँकरची टाकी आतून खरवडली, आणि त्याच दिवशी बोटीचा ठोकळा गायब झाला.

बोट तपासायला आलेल्या साहेबांनी पाणी पिता पिता विचारलं, "ठोकळा कुठंय?"

मिस्त्रीनं हात जोडले. त्यानं हात जोडले की मी सावध व्हायचो.

"ड्यूटीवर हाय, साहेब. तुम्ही ज्याचं पाणी पिताय ना, त्याच टँकरात."

साहेबांनी ग्लासात डोकावून पाहिलं, आणि उरलेलं नितळ पाणी पिऊन टाकलं.