गुरुजींचं मडकं

मंडळी, आज बोईसरला नातीच्या शाळेत मी सगळ्यांदेखत वेड्यासारखं बोलून आले.

पालकसभा होती. शाळा सकाळच्याऐवजी दुपारची करायची, असं दहा मिनिटांत हात वर करून ठरत होतं. सालवडच्या, कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेल्या आया नव्हत्याच.

माझाही हात निम्मा वर गेला, आणि डोळ्यांपुढे एकदम साठच्या दशकातलं माझं गाव, दातिवरे आलं.

मी तिसरीत होते. मधली सुट्टी कधी असावी, हे गुरुजींनी मुलांवरच सोपवलं होतं. लवकर हवी तर मडक्यात शिंपला टाकायचा, उशिरा हवी तर खडा. मी मात्र त्या दिवशी आईसोबत किनाऱ्यावर बोंबील वाळत घालत होते.

वाऱ्यावर बोंबलांच्या रांगा झुलत होत्या. त्यांच्यामधून एक पांढरं धोतर हळूहळू जवळ आलं. गुरुजी! काखेत मडकं.

"तुझं मत राहिलंय गं."

आई हसली. "जा, टाक. मी हाय ना इथं."

शिंपला पडल्याचा तो आवाज आजही स्वप्नात येतो.

आज मी उभी राहिले न् म्हटलं, "सालवडला मडकं घेऊन कोण जाणार?"

सगळे माझ्याकडे बघतच राहिले. कुणालाच कळलं नाही.

तुम्हाला कळलं ना?