सुनंदाताईंचा हेवा

सुनंदाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गाईची धार काढत होते. खरं सांगते, मनात पहिला विचार आला तो असा, की आता गौरी माझी... हुंदका त्यानंतर आला. महिना झाला, पण तो क्रम काही बदलता येत नाही.

गौरी माझी लेक, सहा वर्षांची, स्वमग्न. दिवसभर दुधाच्या किटलीचं झाकण भोवऱ्यासारखं फिरवत बसायची. ते माळ्यावर लपवलं, की घर डोक्यावर घ्यायची. मी तिची हनुवटी धरून म्हणायचे, "माझ्याकडं बघ ना गं!" ती डोळेच मिटून घ्यायची. संगमनेरला सुनंदाताई अशा मुलांवर खेळातून उपचार करायच्या, म्हणून तिकडं नेलं. ताई म्हणाल्या, "उद्या येताना ते झाकण घेऊन ये." मला वाटलं, बाई येडी का काय! दुसऱ्या दिवशी त्या गौरीजवळ जमिनीवर बसल्या आणि स्वतःही एक ताटली फिरवायला लागल्या. हाक नाही, बोलणं नाही, नुसती घरघर... तिसऱ्या महिन्यात गौरीनं आपलं झाकण त्यांच्यापुढं सरकवलं आणि त्यांच्या तोंडाकडं बघून हसली.

नऊ महिने पोटात वाढवलं मी, हगणंमुतणं काढलं मी, आणि हसू त्यांना! अंगाचा नुसता तिळपापड झाला. गाय व्यायलीय अशी थाप मारून पंधरा दिवस पोरीला नेलंच नाही. शेवटी ताईंचाच फोन आला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "वैशाली, माझ्याकडं ती तासभरच असते गं. घरी तू बस की तिच्याजवळ खाली."

"मला कुठं येळ हाय, ताई?" म्हणून मी फोन ठेवला. वेळ होता. त्यांची नक्कल करायची नव्हती, बस. पोरीला मात्र दुसऱ्या दिवसापासून परत न्यायला लागले.

ताई गेल्या, तरी संगमनेरला जायच्या वेळेला गौरी चपला घालून दाराशी उभी राहायची. काय सांगणार तिला? परवा मीच हातातलं काम टाकलं, ताटली घेतली आणि तिच्यापासून हातभर लांब बसले. तिनं ढुंकूनही बघितलं नाही. काल मात्र झाकण थांबवलं आणि मान वर न करता शेजारची फरशी दोनदा थोपटली. हे मी शिकवलेलं नाही. ताई तिला जवळ बोलवायच्या त्या अशाच.

मेलेल्या माणसाचाही हेवा वाटतो, बाई! तरी सरकले. माझा गुडघा तिच्या गुडघ्याला लागला... तिनं काढून घेतला नाही.