आई चालते, आई चालत आहे

आईला पॅरालिसिसचा झटका आला त्याला आता दीड वर्ष होईल. उजवी बाजू गेली. नगरच्या दवाखान्यातून तिला देवळालीला घरी आणलं, तेव्हापासून घरात आम्ही दोघीच. मी लग्न केलेलं नाही. जवळच्या गावातल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवते. धाकटा भाऊ परदेशात असतो. त्याची बायको तिकडचीच, मराठी न येणारी. पण ती अशाच पेशंटना पुन्हा उभं करणाऱ्या केंद्रात नर्स आहे. आईचं काय चाललंय ते रोज चार ओळी इंग्रजीत लिहून पाठवत जा, असं तिनेच सुचवलं.

मी लिहायचे. पहाटे पाचला उठून आईचं सगळं आवरायचं, तिला बाथरूमपर्यंत न्यायचं, मग शाळा गाठायची आणि परिपाठाच्या आधी स्टाफरूममध्ये बसून त्या चार ओळी. नेणं म्हणजे काय, तर आईचा डावा हात वॉकरवर आणि उजवीकडून तिचा सगळा भार माझ्या कमरेवर. नऊ पावलं होती. त्या नऊ पावलांना कधी वीस मिनिटं लागत.

हंगाम सुरू झाला आणि रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरला. एके दिवशी एक ट्रॉली वळणावर कलंडली, मी अर्धा तास अडकले. शाळेत पोचले तेव्हा मुलं ओळीत उभी राहिली होती. व्हरांड्यातच उभ्याने लिहिलं, ‘मदर वॉक्स टू द बाथरूम नाऊ.’ पाठवलं आणि वर्गावर गेले.

बावीस वर्षं मी हा धडा शिकवते. नेहमीचं, पक्कं झालेलं असेल तर साधा वर्तमानकाळ. सध्या चाललेलं, अजून पुरं न झालेलं असेल तर चालू वर्तमानकाळ. खडूने फळ्यावर दोन रकाने आखते. आणि मीच लिहून बसले की आई बाथरूमपर्यंत चालते. तिकडे त्याचा अर्थ एकच होणार होता, आपली आपण चालते, रोज.

रविवारी भावाचा फोन आला.

“ताई, फार बरं वाटलं गं. जानेवारीत येणार होतो ना, ते तिकीट पुढे ढकललंय. आता उन्हाळ्यातच येतो, मुलांनाही सुट्टी असते.”

“का बरं?”

“आई चालते ना आता. तूच लिहिलंस.”

सांगायला हवं होतं. पण इंग्रजीच्या बाईंचं इंग्रजी चुकलं, हे तोंडातून निघेना. आणि खरं सांगायचं तर समजावत बसायचीही ताकद नव्हती. “बरं,” म्हणाले आणि आईसाठी वरण गरम करायला गेले.

पुढचे काही आठवडे मी वाक्यं जपून लिहिली. ‘शी इज ट्राइंग’, ‘शी इज गेटिंग बेटर’. खोटं असं काही नव्हतं त्यात. भावजय विचारायची, किती लांब चालते, पायऱ्या सुरू केल्या का. मी दुसरंच काहीतरी लिहायचे.

मग एका सकाळी पाचव्या पावलावर माझ्या कमरेत कळ आली. आईला सोडायचं नाही एवढंच कळत होतं. भिंतीला घासत, तिला धरूनच मी खाली बसले. तिला लागलं नाही. पण मला उठता येईना आणि तिला तर येणारच नव्हतं. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आम्ही दोघी पाय पसरून बसून राहिलो. शेजारच्या काकू दूध घेऊन येतील तोवर बसणं भाग होतं.

“ल्योक कधी येनार हाय?” आईने विचारलं. तिचे शब्द जड यायचे, पण मला कळायचे.

“उन्हाळ्यात.”

“जानेवारीत म्हनला हुता.”

“तू चालतेस असं वाटतंय त्याला.”

“कुनी सांगितलं?”

“मीच. लिहिताना चुकलं माझं.”

मी तिला ते दोन काळ सांगायचा प्रयत्न केला. तिने डावा हात हलवून मला थांबवलं.

“मला न्हाई कळत तुझं ते. मी चालत न्हाई. येवढं लिही.”

काकू आल्या, त्यांनी मुलाला हाक मारली, आम्हाला उठवलं. शाळेत रजा कळवली. दुपारी पालथी पडून फोन हातात घेतला. आधी लिहिलं, ‘मदर इज नॉट वॉकिंग.’ ते पुसलं. त्यात अजून आशा होती, सध्या नाही, पुढे चालेल अशी. डॉक्टरांनी तर महिन्यापूर्वीच मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मग लिहिलं, ‘मदर डज नॉट वॉक. आय लिफ्ट हर एव्हरी डे.’ पाठवलं आणि रडले. आई पलीकडच्या कॉटवर जागी होती.

भाऊ दहाव्या दिवशी आला. पहिल्या सकाळी त्याने आईला एकट्याने नेलं आणि परत आणून ठेवल्यावर ओट्याला टेकून धापा टाकत उभा राहिला.

“ताई, हे तू रोज करतेस?”

“रोज.”

“मग आधी का नाही बोललीस?”

मी त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. भावजयीने फोनवरून त्याला एक पट्टा दाखवला, पेशंटच्या कमरेला बांधून दोन्ही बाजूंच्या मुठींनी धरायचा. तसा त्याने ताडपत्री शिवणाऱ्याकडून शिवून आणला. शेजारच्या गल्लीतली एक बाई सकाळसाठी ठरवून दिली. बारा दिवस राहून तो गेला.

आई चालत नाही. माझी कंबर थंडीत दुखते, पण शाळेत वेळेवर पोचते. चार ओळी आता फक्त रविवारी जातात. आई पट्ट्याला नावं ठेवते, बैलाला जुंपल्यागत वाटतं म्हणते. पण सकाळी बाई यायच्या वेळेला डावा हात वर धरून तयार बसलेली असते.