पखालीतला वारा

लातूर नवा जिल्हा झाला त्या साली आमच्या नांदेडच्या बँडला कामं नव्हती. दुष्काळात लोक लग्नं पुढं ढकलत होते, आणि ढकलत नव्हते त्यांना वाजंत्री म्हणजे चैन वाटायची. त्यात आमचा बँड जगावेगळा. माझे मामा फौजेतून आले ते बॅगपाइप, काखेत वाऱ्याची पिशवी दाबून वाजवायचा बाजा, शिकूनच. गोऱ्यांच्या पहाडी मुलखातल्या चाली त्यांना तोंडपाठ. मी हैदराबादच्या जुन्या बाजारातून एक तबकडी आणली होती, अमेरिकेच्या पार खालच्या अंगाच्या नाचगाण्याची. तिच्यातला चा-चा-चा ठेका मी बोंगोवर बसवला आणि मामांच्या चालीखाली घातला. ट्रंपेटवाला म्हणाला, "हे म्हंजी बासुंदीत ठेचा झाला." पुढं तोच सगळ्यांत जास्त नाचत वाजवू लागला.

त्या उन्हाळ्यात माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. तो किनवटला आश्रमशाळेत मास्तर. नवरीचं गाव अहमदपूरकडचं. तिथल्या मोठ्या रस्त्यावर मारुतीचा पार, आणि त्या पारापुढून आम्हा बौद्धांची वरात आजवर कधी गेली नव्हती. आमच्या वराती मागून, ओढ्याच्या अंगानं जायच्या. भावानं सरळ सांगितलं, "मी वढ्याकडून येणार न्हाई. लगीन मोडलं तरी चालंल."

नवरीचा बाप गावातल्या कारभाऱ्यांना भेटून आला. मोठ्या मिनतवारीनं ते एका अटीवर कबूल झाले. रस्त्यानं जा, पण लिंबाच्या झाडापासून पार सरेपर्यंत वाजवणं बंद. "एक सूर जरी निघाला तर आमची पोरं आमच्यानं आवरायची न्हाईत," असंही बजावलं. माझं डोकं लवकर तापतं. पण वरातीत सगळ्यांच्या पुढं भावाचं डोकं असणार होतं, म्हणून मी निमूट मान हलवली.

वरातीच्या दिवशी वेगळंच विघ्न. कोरड्या हवेत बॅगपाइपची कातडी पिशवी वाळून गेली होती. फुंकली की सगळा वारा शिवणीतून बाहेर, आणि आवाज दमेकऱ्याचा. वस्तीतल्या एका म्हातारीनं ती पिशवी पाहून विचारलं, "पखाल आणली का बाबा? पानी वाटाया आलाव?"

"न्हाई माय," मामा म्हणाले, "हिलाच पानी पायजे."

टँकर आला तर आला, असे ते दिवस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण नवरीची आई घरातल्या घागरीतून तांब्या भरून घेऊन आली. मी नको म्हणालो. ती म्हणाली, "असू द्या. माझ्या पोरीच्या लग्नात कोरडा सूर नगं." मामांनी पाणी पिशवीत ओतलं, चहूकडून घोळवलं, उरलेलं परत तांब्यात काढून दिलं. कातडं ओलं झालं, शिवणी फुगल्या, पिशवी टम्म वारा धरू लागली.

वरात निघाली. पोरी हसत होत्या, खुळखुळे वाजत होते, आणि माझं सगळं लक्ष त्या लिंबाकडं. पारावर माणसं दाटीनं बसली होती. एका तरण्याच्या हातात दगड होता, तो लपवायची तसदीही त्यानं घेतली नव्हती. लिंब आला तसा मी हात वर केला. ट्रंपेट थांबलं, ढोल-खुळखुळे थांबले, बोंगो थांबला.

बॅगपाइप थांबला नाही. मामांनी तोंडातली नळी सोडली होती, पण काखेतल्या पिशवीतून एकच जाड सूर निघतच होता. पारावरची माणसं उभी राहिली. मी दातओठ खात म्हणालो, "मामा, बंद करा." ते समोर बघत चालत राहिले. भाऊ फेटा सावरत, इकडंतिकडं न बघता, त्या सुरावर पावलं टाकत होता. तो पारापुढून गेला, आणि पाराच्या शेवटच्या दगडाशी सूर बारीक होत विझला.

दगडवाला पुढं सरकला. एका म्हाताऱ्यानं त्याचं मनगट धरलं आणि मला विचारलं, "वाजवू नका म्हणलं व्हतं ना?"

"बंदच हाय, बाबा. पिशवीत वारा उरला व्हता."

त्यानं मामांच्या मिटलेल्या तोंडाकडं बराच वेळ पाहिलं. मग पोराला म्हणाला, "बस खाली. वाऱ्याला कोण काय करनार."

जेवणं झाल्यावर मी मामांवर तुटून पडलो. "भावाचं डोकं फुटलं असतं तर तुमच्या बहिणीला, माझ्या आईला, काय तोंड दाखवलं असतं?" ते म्हणाले, "कातडं लई भिजलं व्हतं रं. वारा धरून बसलं." मी खरं मानलं.

पुढं नव्या जिल्ह्याच्या कार्यक्रमाला आम्हाला लातूरला बोलावलं. पाहुण्यांचं भाषण सुरू होताना मी हात वर केला की सगळं थांबवायचं, असं ठरलं होतं. पिशवी तशीच ओली, टम्म फुगलेली. भर मैदानात मामांची शोभा होणार, याची मला धास्ती होती. चाल ऐन रंगात असताना मी हात वर केला.

मामांनी काख झटकन सैल केली. दातानं दोरा तोडावा तसा सूर तुटला, मागं शेपूट नाही.

मी त्यांच्याकडं वळलो. ते नळी पुसत हळूच म्हणाले, "फौजेत पयल्याच हप्त्यात शिकवत्यात हे."

मला त्यांचा पारापुढं आला होता तेवढाच राग पुन्हा आला, आणि त्याच दमात रडूही आलं. भाषण सुरू झालं होतं, म्हणून मी बोंगोवर हात ठेवून उभा राहिलो.