दिराच्या भिंतीवर

हिरामावशी गल्लीकडे पाठ करून बसायची. मासळी साफ करताना, पोरीची वेणी घालताना, माझ्याशी गप्पा मारतानासुद्धा. कोलशेतच्या गावठाणात मी भाड्याने राहायला आलेले तेव्हा वाटलं, काय विचित्र बाई आहे! मग कळलं, समोरचं घर तिच्या सख्ख्या दिराचं. मावशीच्या नवऱ्याने दोघा भावांची होडी न विचारता विकली आणि बोलणं तुटलं. नवरा वारला, तरी तुटलेलंच. त्या दिराने, बाळारामकाकांनी, दारावर असा हॅलोजन लावला की उजेड थेट मावशीच्या ओट्यावर. मावशीनेही भर गल्लीत सांगून टाकलं, "त्याचे दारान पाय ठेवनार नाय."

पण मग पोरीचं लग्न ठरलं. तिकडे हळद म्हणजे लग्नाहून मोठी, आणि बापाच्या जागी मांडवात काकाच उभा हवा. काका आले नाहीत तर? मावशी तोंडाने बोलायची नाही, पण कोलंबी सोलता सोलता हात थांबायचा. जीव टांगणीला लागलेला.

तिचा मुलगा नीलेश लग्नघरात मोठा टीव्ही आणायच्या मागे होता. बाळारामकाकांच्या हळदीची जुनी कॅसेट त्याने पेनड्राइव्हवर उतरवून घेतलेली. "आई, पासष्ट इंची घेऊ. एकदम क्लिअर दिसेल!"

"टीवी घरानच दिसंल. मना तो भिंतीवर पाडायचा मशीन आन."

"अगं, प्रोजेक्टरला काळोख लागतो. आणि आपली भिंत केवढीशी!"

"आपली कोन बोल्ला?"

नीलेशचा चेहराच उतरला. काकांची भिंत मोठी, बिनखिडकीची, नुकताच चुना मारलेली. मी म्हटलं, "मावशी, अहो भांडण होईल!"

"होऊं दे. भांडाया तरी बोलंल. गप बसनारा मानूस मना परवडत नाय." हे तिचं ठरलेलं वाक्य. आणि स्वतः मात्र इतकी वर्षं गप! पण तिला हे सुनावायची छाती कुणाची?

दिवेलागणीनंतर ओट्यावर स्टूल मांडून प्रोजेक्टर लावला. मावशी चक्क गल्लीकडे तोंड करून पायरीवर बसली. समोर हॅलोजन ढणढणत होता, त्यामुळे भिंतीवर नुसते पुसट डाग हलत होते. शेजारीपाजारी जमले.

"मी जाऊन बटन बंद करू?" नीलेश पुटपुटला.

"बस खाली. ज्याचा दिवा, तो बघंल."

स्पीकरवर बँडबाजा चाललेला. मध्येच बाजा थांबला आणि मावशीच्या नवऱ्याचा आवाज आला, खणखणीत. "बालाराम, ये ना रं! तुझ्याबिगर नाचू काय मी?"

समोरचं दार उघडलं. काका बाहेर आले, भिंतीकडे बघितलं, मग आमच्याकडे. ते आत गेले आणि दार धाडकन लावलं. झालं, संपलं सगळं! नीलेशने वायरीला हात घातला, तो मावशीने घट्ट धरून ठेवला.

हॅलोजन विझला.

भिंतीवर मावशीचा नवरा उभा होता, पुरुषभर उंच, धाकट्या भावाच्या गालांना हळद फासत हसणारा. मावशी रडली नाही. मीच मेली रडत होते.

काका कधी गल्ली ओलांडून आले, कळलंच नाही. ओट्याशी उभे राहून, भिंतीवरची नजर न काढता म्हणाले, "वहिनी, पोरीची हलद कवा हाय?"

"घरच्या मानसानं इचारायचं असतं काय?" मावशी तडकून म्हणाली, आणि पायरीवर सरकून तिने जागा केली.